खरखर थांबली ती दुपार

आखाड संपत आला आणि धाराशिवात अजून पावसाचा पत्ता नाही. रोज दुपारी ढग येतात, तासभर अंधारून आणतात आणि डोंगरापलीकडं निघून जातात. गल्लीत टँकर आला की तीच धावाधाव, तीच भांडणं. घागरींच्या जागी प्लॅस्टिकचे ड्रम आले, एवढाच काय तो पन्नास वर्षांतला फरक. वारा तर अगदी तोच आहे, कोरडा, धुळीचा, दारं आपटणारा. भर पावसाळ्यात असा वारा सुटला की माझं उजव्या हाताचं बोट टेबलावर आपोआप ठोके द्यायला लागतं. बायको होती तोवर म्हणायची, "झालं सुरू तुमचं कट्ट कडकट्ट! कुणाला निरोप धाडताय एवढा?" आता ती नाही, त्यामुळं कुणी विचारत नाही.

मी सरकारी वायरलेस ऑपरेटर होतो. लोक मास्तर म्हणायचे. शाळेतला नव्हे, तारमास्तरातला मास्तर. उभी नोकरी कानावर हेडफोन लावून बसण्यात गेली आणि त्या बदल्यात उजवा कान गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका दुपारची, आणि ती कुणाकडं करावी हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

गेल्या आठवड्यात सुजाताचा, माझ्या लेकीचा, फोन आला. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. म्हणाली, "अण्णा, सूर्यावर मोठा भडका उडालाय. रेडिओवाल्यांना, विमानवाल्यांना इशारा दिलाय."

"कुणी दिला?"

"उपग्रहांनी. ते सूर्यावर नजर ठेवूनच असतात. आपलाही एक आहे तिकडं."

मी म्हणालो, बरं. मग फोन ठेवला. ठेवायचीच होती नजर, तर आधी ठेवायची होती, असं काहीतरी मनात येऊन गेलं. म्हातारपणी माणूस कुणावरही चिडतो. मी उपग्रहावर चिडलो.

बहात्तर साली मी चोवीस वर्षांचा होतो आणि येरमाळ्याला होतो. दुष्काळी कामांसाठी तिथं तात्पुरता सेट बसवला होता. जागा कुठली, तर सोसायटीच्या गोदामातली कडेची खोली. भिंतीपलीकडं खताची पोती आणि परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी. खताचा डोळ्यांना झोंबणारा वास, त्या ज्वारीचा कुबट वास आणि सेट तापला की येणारा करपल्या धुळीचा वास. ते साल माझ्या नाकात या तीन वासांनी बसलं आहे. बाहेर दोन लिंबांच्या मधे एरियलची तार ताणलेली होती. सुरुवातीला तिच्यावर चिमण्या बसायच्या. आषाढापर्यंत त्याही कुठंतरी निघून गेल्या.

रोज सकाळी आठला पावसाचा आकडा कळवायचा. पर्जन्यमापकातली बाटली काढायची, उलटी करायची, कधी एखादा मेलेला किडा पडायचा, आणि मी कळवायचो, निरंक. जून निरंक, जुलै जवळजवळ निरंक. पेरलेलं करपलं, दुसऱ्यांदा पेरलेलं उगवलंच नाही. माणसं पाझर तलावाच्या कामावर गेली. येरमाळ्यापासून सायकलीनं पाऊण तासावर एका माळाला पालं पडली होती. बायका मातीच्या पाट्या वाहायच्या. त्यांच्या केसांचा, लुगड्यांचा, पापण्यांचा रंग एकच झाला होता. पोरं सरकारी सुकडीच्या खाऊच्या रांगेत उभ्याउभ्या झोपायची. मी अधूनमधून तिकडं जायचो आणि परत येऊन सेटपुढं बसलो की मला बरं वाटायचं, हे कबूल करतो. सेटपुढं दुष्काळ आकड्यांत असायचा.

आणि सेटचा मला गर्व होता. मी मूळचा बेंबळीचा. आमच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, पण गावाची विहीर काही जवळ आली नाही. आमच्या वस्तीतला मी पहिला नोकरदार. ज्यांना माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं ते माझ्या हातानं गेलेला निरोप मुकाट घ्यायचे. तालुक्याचे साहेब खोलीच्या दारात उभे राहून विचारायचे, "गेलं का हो?" मी मान न वळवता म्हणायचो, "गेलं." त्या एका शब्दात मला काय मिळायचं ते ज्याला कधी दाराबाहेर उभं केलं गेलं त्यालाच कळेल. त्या सेटला काही जमत नाही असं कुणासमोर म्हणणं माझ्या जिवावर यायचं. पुढं जे झालं त्याचं मूळ मला इथं दिसतं.

तलावाच्या कामावर रसूलभाई मुकादम होते. तिशी ओलांडलेले, काटकुळे, डोक्याला गमछा. रोज संध्याकाळी सायकलवर मजुरांच्या हजेरीचा आकडा घेऊन यायचे. त्यांची बायको, हलीमाभाभी, त्याच कामावर पाट्या वाहायची. मी सडाफटिंग म्हणून ती रसूलभाईंबरोबर माझ्यासाठी भाकरी धाडायची. मिलोची भाकरी गार झाली की चामड्यासारखी व्हायची, म्हणून ती फडक्यात गुंडाळून वर निरोप द्यायची, "मास्तरला म्हणावं, गरम हाय तवरच खा." रसूलभाई मात्र कधी वेळेत पोचायचे नाहीत. मी ती भाकरी पाण्यात बुडवून खायचो आणि दुसऱ्या दिवशी सांगायचो, गरमच होती.

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. दुपारचे बारा वाजायला थोडा अवकाश असेल. रसूलभाई सायकल दारात आडवी टाकून आत आले. हातात चिठ्ठी.

"मास्तर, हे पाठवा. नर्सबाईनं लिवलंय."

चिठ्ठीत लिहिलं होतं: पालांवर वांती-जुलाब, बारा-पंधरा जण, सलाईन आणि डॉक्टर तातडीनं पाठवा. डबक्यावर आलेल्या विहिरीचं पाणी पीत होते सगळे. पटकी, म्हणजे कॉलरा, हा शब्द नर्सबाईनंही लिहिला नव्हता.

"कोण कोण आहे?" मी विचारलं.

"हलीमा बी हाय. पहाटंधरनं. डोळं पार आत गेलेत." मग बाहेर बघून म्हणाले, "बाराची मोटर येईल आता. म्या जाऊ का उस्मानाबादला?"

पोस्टातला फोन दोन दिवस बंद होता, वाऱ्यानं तार तुटलेली. म्हणजे एसटी किंवा मी.

"मोटरीला सव्वा तास लागतोय," मी म्हणालो. "हे सव्वा मिनिटात जातंय. बसा."

ते बसले.

मी हेडफोन चढवला, मोर्सच्या कळीवर बोट ठेवलं, उस्मानाबादच्या मुख्यालयाला हाक दिली. आणि कानातला आवाज खाली खाली जायला लागला. कुणीतरी रेडिओचं बटण सावकाश पिळावं तसा. आधी इतर ठाण्यांच्या टिकटिका गेल्या. मग खरखरही गेली. ऑपरेटरला खरखर म्हणजे काय ते सांगायला हवं. कुणीही बोलत नसताना कानात ती असतेच. दिवसभर शिव्या घालायच्या तिला, पण ती आहे म्हणजे सेट जिवंत आहे. त्या दुपारी आत काहीच नव्हतं. मला माझ्याच कानशिलाची नाडी ऐकू येत होती.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक नियम घोटून घोटून शिकवला होता. निरोप ऐकू येईनासा झाला पण खरखर राहिली, तर दोष बाहेरचा, वाट बघा. खरखरही गेली, तर दोष तुमच्या सेटचा, उघडा आणि शोधा. मी हुशार विद्यार्थी होतो. मी सेट उघडला.

बाराची गाडी आली. फाट्यावर थांबून हॉर्न दिला. रसूलभाई उठले.

"जाऊ का, मास्तर?"

"थांबा. झालंच."

गाडी गेली. मी बॅटऱ्या बघितल्या, भरलेल्या होत्या. एरियल बघितली, जागेवर होती. एकेक व्हॉल्व्ह काढून पुसला, उजेडात धरला, फडक्यावर ओळीनं मांडला. सगळे चांगले. मग एका जोडावर संशय आला, तो सोडवला. तो सोडवताना शेजारची तार तुटली. घाम नाकावरून सेटमध्ये पडत होता. नंतर कधीतरी, दीड वाजला असेल, दुसरी गाडी आली. मी मान वर न करता म्हणालो, "थांबा, रसूलभाई, आता उघडलाय. दहा मिनिटं."

तीही गेली. शेगडी पेटवून, सळई तापवून, डाग देऊन सगळं परत जागच्या जागी बसवेपर्यंत साडेतीन झाले. बटण फिरवलं आणि खरखर अशी भसकन आली की मी दचकलो. निरोप सव्वा मिनिटाच्याही आत गेला. पलीकडून लगेच पोच आली. मी वळून म्हणालो, "गेलं." रसूलभाईंनी सायकल उचलली. "येतो, मास्तर," एवढंच म्हणाले.

दिवेलागणीच्या आधी डॉक्टरांची जीप पालांवर पोचली. तोवर हलीमाभाभीवर चादर घातलेली होती. आणखीही काही जणांवर. बाराच्या मोटरीनं रसूलभाई गेले असते तर जीप तीनच्या सुमारास पोचली असती. ती वाचलीच असती असं नर्सबाई म्हणाली नाही. वाचली नसती असंही ती म्हणाली नाही.

चौकशी झाली. आमच्या धंद्यात एक रीत होती, लिहिलेली नव्हती पण सगळे पाळायचे. सेट गप्प झाला आणि कारण कळलं नाही, तर नोंदवहीत लिहायचं, बॅटरी उतरली. बॅटरीला कुणी जाब विचारत नाही, तिची बदली होत नाही. मी मात्र खरं लिहिलं होतं: 'अकरा पन्नास. आवाज नाही, खरखर नाही. सेटमध्ये दोष आढळला नाही. कारण माहीत नाही.' साहेबांनी ते वाचलं आणि विचारलं, दोष नव्हता तर सेट उघडला कशाला? मी ट्रेनिंगमधला नियम सांगितला, त्यांनी परवानगीचा कागद मागितला. परवानगीशिवाय सेट उघडला म्हणून ठपका आला आणि बदली झाली लांब नांदेडकडं. 'थांबा' म्हटल्याबद्दल मला कुणीच काही विचारलं नाही. ते वहीत नव्हतंच. ते रसूलभाईंना आणि मला, दोघांनाच माहीत होतं.

नंतर पाऊस पडला, दुष्काळ हटला, पुन्हा आला, पुन्हा हटला. त्या माळावरचा तलाव पूर्ण झाला आणि म्हणे त्याला पाणीही लागलं. माझं लग्न झालं, सुजाता झाली. उस्मानाबादला परत बदली मिळाली. एसटी येरमाळ्याच्या फाट्यावर थांबली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचो. खाली उतरून चहा प्यायचं धाडस मला कधी झालं नाही.

सेवानिवृत्तीच्या समारंभाला साळुंके भेटला. बहात्तर साली तो मुख्यालयात होता, माझ्या हाका ऐकायच्या त्या खुर्चीवर. हारतुरे झाले, पेढे झाले, आणि तो हळूच म्हणाला, "लई वर्सं सांगीन सांगीन म्हणतोय. तुझा सेट बंद पडला त्या दुपारी आमचा बी बंद व्हता. तासभर मुका. म्या बॅटरी लिवलं. दुसऱ्या एका ठाण्यावाल्यानं एरियल लिवलं, म्हणं. सगळ्यांनी काय ना काय लिवलं."

"आणि चौकशीत बोलला नाहीस?"

"काय बोलू? वहीत बॅटरी हाय म्हणल्यावर?"

मी त्याला तिथंच थोबाडीत द्यायला हवी होती. पेढा तोंडात होता, तो गिळला. सगळ्यांनी खरं लिहिलं असतं तर कुणालातरी दिसलं असतं की अख्खा जिल्हा एकाच मिनिटाला मुका झाला. मग कारण सेटच्या आत नाही हेही दिसलं असतं. पण इतक्या बॅटऱ्या एकाच मिनिटाला कशा उतरल्या, हे विचारायला कुणी त्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्याच नाहीत.

हे सगळं मी सुजाताला त्या फोननंतर, परत फोन करून, पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, "तारीख आहे का?" माझ्या खिशातल्या जुन्या डायरीत होती. दोन दिवसांनी ती घरी आली, एक कागद घेऊन. त्या तारखेला, त्याच वेळेला, सूर्यावर इतका मोठा भडका उडाला होता की तो अजून पुस्तकांत आहे. त्याचे किरण आठ मिनिटांत इथं पोचले. वरच्या हवेच्या ज्या थरावरून आमचे निरोप उसळी मारून खाली यायचे, त्याच्या खालचा थर एवढा बिघडला की त्यानं निरोपही गिळले आणि खरखरही. जिथं जिथं दिवस होता तिथं तिथं. त्याच दिवशी दूर कुठल्याशा समुद्रात लढाईसाठी पेरलेले सुरुंग कुणी हात न लावता फुटले, तेही तिनं वाचून दाखवलं.

"मग आता हे उपग्रह आधी सांगतात?" मी विचारलं.

"वादळ सूर्याकडून निघालं की इथं यायला दिवस-दोन दिवस लागतात, ते सांगतात. विजेच्या जाळ्याला, विमानांना सावध करतात. पण भडक्याचा उजेड आधी नाही सांगता येत, अण्णा. तो आठ मिनिटांत येतोच. फक्त आल्या आल्या कळवता येतं की हे सूर्याचं आहे, तुमच्या यंत्राचं नाही. थांबा, तासाभरात जाईल."

यंत्राचं नाही. त्या खोलीत मला एवढंच एक वाक्य हवं होतं. ते सांगणारं कुणी असतं तर मी सेटला हात लावला नसता, रसूलभाईंना म्हणालो असतो, पळा, मोटर पकडा. आज टँकरवरसुद्धा ठिकाण सांगणारं यंत्र बसवलेलं असतं, आणि ते आकाशाशी बोलतं. सगळंच आता आकाशाशी बोलतं. म्हणून कुणीतरी तिकडं डोळे लावून बसलंय हे चांगलंच आहे, याबद्दल माझं दुमत नाही. पण इशारा निघतो आणि इशारा पोचतो यात किती अंतर असतं ते मी आयुष्यभर त्या अंतरात बसून बघितलंय. माळावरच्या शेवटच्या माणसाला तो कोण सांगणार, हे सुजातालाही सांगता आलं नाही.

मी तिच्याकडून कागद घेतला आणि दुसऱ्या दिवशी येरमाळ्याला गेलो. मला वाटलं होतं, मी रसूलभाईंसाठी चाललोय. त्यांना इतक्या वर्षांनी खरं कारण कळावं म्हणून.

फाट्यावर विचारलं तर कळलं, हायवेला त्यांच्या नातवाचं पंक्चरचं दुकान आहे. बाहेर टायरांच्या राशीशेजारी बाजेवर ते बसले होते. पंच्याऐंशीच्या घरात. डोळ्यांत पांढरं आलेलं, कान मात्र शाबूत. मी नाव सांगितलं.

"मास्तर," ते म्हणाले, आणि सरकून बाजेवर जागा केली.

मी सगळं सांगितलं. सूर्य, आठ मिनिटं, हवेचा थर, साळुंकेची बॅटरी. कागदही वाचून दाखवला. शेवटी म्हणालो, "रसूलभाई, सेट चांगला होता. माझी चूक नव्हती. सूर्यानं केलं ते."

ट्रक जात होते, धूळ येत होती.

"सूर्यानं," ते म्हणाले.

"हो."

"मास्तर, एक सांगू का? तुमी थांबा म्हणलात, तवा मला बरं वाटलं."

मी हातातला कागद खाली केला.

"मोटर फाट्यावर हुबी व्हती. म्या भ्यालो व्हतो. तिकडं जायाचं, साहेबाच्या दारात हात जोडून हुबं ऱ्हायाचं, आन तवर हितं ती गेली तर? मागं फिरून पालात जायाचं, तर तिचं डोळं बगवत नव्हतं. तुमी थांबा म्हणलात, आन म्या लगी खाली बसलो. दुसरी मोटर आली तवा तर म्या उठलो बी न्हाय. तुमी सेटात डोकं घालून व्हता, तुमाला दिसलं न्हाय."

"रसूलभाई..."

"ऐका. आर्ध मास्तरचं, आर्ध माजं, असं धरून म्या इतकी वर्सं काढली. वाटायचं, तो बी कुठं तरी आपलं आर्ध घेऊन बसला असंल. म्हणून तर कधी तुमच्या नावानं शिवी देऊ वाटली न्हाय." त्यांनी माझं मनगट धरलं. हात कोरडा होता, पण पकड मुकादमाची होती. "आता तुमी तुमचं सूर्याला देऊन मोकळं व्हनार. मग माजं म्या कुनाला देऊ?"

मी कागदाची घडी केली. ती नीट होईना, म्हणून तशीच खिशात कोंबली.

"सेट सूर्यानं बंद पाडला," मी म्हणालो. "थांबा मी म्हणालो. ते माझ्याकडंच आहे, रसूलभाई. मी कुणाला दिलेलं नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

"मग ठीक हाय," म्हणाले.